खिडकीच्या काचेतून वीज: कोणता प्रकाश घ्यायचा आणि कोणता सोडायचा

उत्तम सौर पॅनेल काळेभोर दिसते, कारण त्यावर पडलेला जवळपास सगळा प्रकाश ते शोषून घेते आणि आपल्या डोळ्यांपर्यंत फारच थोडा परत येतो. उत्तम खिडकीची काच मात्र नजरेला जाणवतही नाही, कारण ती जवळपास सगळा प्रकाश पलीकडे जाऊ देते. त्यामुळे खिडकीच्या काचेतच सौर घट बसवून वीज तयार करण्याची कल्पना प्रथमदर्शनी स्वतःलाच छेद देणारी वाटते. प्रकाशाचा प्रत्येक कण, म्हणजे फोटॉन, एकदाच खर्च करता येतो. त्याने सौर घटात एखादा इलेक्ट्रॉन मोकळा केला, तर तो खोलीत पोहोचत नाही. आणि तो खोलीत पोहोचला, तर त्याच्यापासून वीज मिळालेली नसते. या हिशोबातून कोणत्याही तंत्रज्ञानाची सुटका नाही. तरीही ही कल्पना टिकून आहे, कारण खिडकीतून पाहणाऱ्या माणसाचा डोळा सूर्यप्रकाशाचा निम्म्याहून अधिक भाग मुळी पाहतच नाही.

डोळ्याला न दिसणारा निम्मा प्रकाश

जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्यप्रकाशाची ऊर्जा तरंगलांबीनुसार वेगळी करून पाहिली, तर सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात, म्हणजे जांभळ्यापासून तांबड्यापर्यंतच्या दृश्य प्रकाशात, एकूण ऊर्जेपैकी साधारण ४३ टक्के ऊर्जा असते. त्याहून कमी तरंगलांबीच्या अतिनील किरणांत जेमतेम पाच टक्के असते. उरलेली निम्म्याहून थोडी अधिक ऊर्जा ७०० नॅनोमीटरच्या पलीकडे, अवरक्त किरणांत असते. हे किरण त्वचेला उष्णतेच्या रूपाने जाणवतात. परंतु ते काचेतून आत आले काय किंवा न आले काय, खोलीतल्या उजेडात त्याने काहीच फरक पडत नाही. म्हणून दृश्य प्रकाश आत जाऊ द्यायचा आणि अवरक्त व अतिनील प्रकाश अडवून त्याची वीज करायची, अशी वाटणी तत्त्वतः शक्य आहे.

ही वाटणी प्रत्यक्षात अवघड का आहे, हे कळण्यासाठी सौर घटाचे काम थोडे जवळून पाहावे लागते. सौर घटाचा मुख्य भाग अर्धवाहक पदार्थाचा असतो. अशा पदार्थातील इलेक्ट्रॉन बांधलेल्या अवस्थेतून मोकळ्या अवस्थेत जाण्यासाठी ठरावीक किमान ऊर्जा लागते. हा जणू त्या पदार्थाचा उंबरठाच असतो. प्रकाशाची तरंगलांबी जितकी कमी, तितकी त्याच्या फोटॉनची ऊर्जा जास्त. ही ऊर्जा उंबरठ्यापेक्षा कमी असेल, तर तो फोटॉन पदार्थातून आरपार निघून जातो. ती जास्त असेल, तर इलेक्ट्रॉन मोकळा होतो, पण उंबरठ्याच्या वरची ऊर्जा क्षणार्धात उष्णतेत बदलते. सिलिकॉनचा उंबरठा सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (इतक्या सूक्ष्म ऊर्जा मोजण्याचे एकक) इतका आहे, म्हणजे सुमारे ११०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश त्याला चालतो. त्याहून कमी तरंगलांबीचा सगळाच प्रकाश, अर्थात संपूर्ण दृश्य प्रकाशही, सिलिकॉन शोषतो. छतावरच्या पॅनेलसाठी हा गुण आहे, खिडकीसाठी तोच दोष ठरतो.

विल्यम शॉक्ली आणि हान्स क्वाइसर यांनी १९६१ साली या उंबरठ्याच्या आधारे एका थराच्या सौर घटाची कमाल मर्यादा मांडली. आजच्या हिशोबाने ती सुमारे ३३ टक्के येते. म्हणजे आदर्श परिस्थितीतही सूर्यप्रकाशाच्या एक तृतीयांश ऊर्जेचीच वीज होऊ शकते. हीच मांडणी दृश्य प्रकाश पूर्णपणे सोडून दिला तर काय होईल, असे विचारत पुन्हा केली, तेव्हा एका थराच्या संपूर्ण पारदर्शक घटाची मर्यादा २० टक्क्यांच्या किंचित वर आली. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. ‘पूर्ण पारदर्शक’ आणि ‘छतावरच्या पॅनेलइतकीच वीज’ ही दोन विशेषणे एकाच काचेला कोणी लावत असेल, तर त्यातले एक तरी खोटे असते, कारण बाजारातली चांगली सिलिकॉन पॅनेल आजच २० टक्क्यांच्या पुढे आहेत आणि पारदर्शक घट आपल्या सैद्धांतिक मर्यादेपासून अजून बरेच दूर आहेत.

काचेत घट बसवण्याच्या वेगवेगळ्या वाटा

सर्वात जुनी आणि सर्वात सरळ वाट म्हणजे अपारदर्शक घट काचेत अंतर सोडून बसवणे. दोन काचांच्या मध्ये नेहमीचे सिलिकॉन घट ठेवायचे आणि त्यांच्यामध्ये रिकाम्या फटी सोडायच्या. निम्मी जागा झाकली, तर निम्मा प्रकाश आत येतो आणि वीजही पूर्ण पॅनेलच्या साधारण निम्मी मिळते. याचीच थोडी नाजूक आवृत्ती म्हणजे काचेवर कॅडमियम टेल्युराइडचा किंवा स्फटिकरूप नसलेल्या सिलिकॉनचा अतिशय पातळ थर चढवायचा आणि लेसरने त्यात बारीक रेषा किंवा ठिपके कोरून तो काढून टाकायचा. रेषा इतक्या जवळजवळ असतात की थोड्या अंतरावरून काच एकसारखी, फिकट करडी दिसते. या पद्धतीत जादू काहीच नाही, आणि तेच तिचे बळ आहे: पदार्थ ओळखीचे आहेत, त्यांचे आयुष्य माहीत आहे, आणि जितका प्रकाश हवा तेवढ्याच रेषा कोराव्या लागतात. मोठी प्रवेशदालने, काचेची छते, बस थांब्यांची आच्छादने अशा ठिकाणी काचेतून दूरवरचे स्पष्ट दिसणे फारसे महत्त्वाचे नसते; तिथे ही पद्धत आजही सगळ्यांत व्यवहार्य ठरते.

दुसरी वाट म्हणजे प्रकाश शोषणारा थरच इतका पातळ ठेवायचा की सगळ्याच रंगांचा थोडाथोडा प्रकाश त्यातून निसटेल. यात काचेला रंग चढतो, कारण बहुतेक पदार्थ निळा प्रकाश अधिक आणि तांबडा कमी शोषतात. मग खिडकी पिवळसर, तपकिरी किंवा लालसर दिसते. कधी हा रंग दोष न राहता सजावट होतो. ब्रायन ओ’रेगन आणि मायकेल ग्रेट्झेल यांनी १९९१ मध्ये रंगद्रव्यावर चालणारा सौर घट जगासमोर ठेवला. त्यात वनस्पतीतील हरितद्रव्याप्रमाणे रंगद्रव्याचे रेणू प्रकाश टिपतात आणि इलेक्ट्रॉन टायटेनियम डायऑक्साइडच्या सच्छिद्र थराकडे सोपवतात. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील तंत्रविद्यापीठाच्या आवारात २०१४ साली सुरू झालेल्या सभागृहाच्या पश्चिमेकडच्या दर्शनी बाजूवर अशाच घटांच्या लाल, हिरव्या आणि नारिंगी छटांच्या काचा बसवलेल्या आहेत. तिथे रंगच वास्तूचा भाग झाला. कार्यालयात बसून दिवसभर पडद्याकडे आणि कागदाकडे पाहणाऱ्या माणसाला मात्र नारिंगी उजेड फार काळ मानवणार नाही.

तिसरी वाट सगळ्यात रंजक आहे, कारण ती मूळ हिशोबाला थेट हात घालते. सिलिकॉनसारख्या स्फटिकात उंबरठ्याच्या वरची सगळी ऊर्जा शोषली जाते. पण कार्बनी रेणूंचे तसे नसते. त्यांच्या ऊर्जापातळ्या सुट्या असतात, त्यामुळे त्यांचे शोषण ठरावीक पट्ट्यांमध्येच होते. एखादा रेणू असा घडवता येतो की त्याचा पहिला शोषणपट्टा अवरक्त भागात, दृश्य प्रकाशाच्या लगेच पलीकडे पडेल, पुढचा पट्टा थेट अतिनील भागात असेल, आणि दोन्हींच्या मधली मोकळी जागा नेमकी दृश्य प्रकाशावर येईल. रिचर्ड लंट आणि व्लादिमीर बुलोविच यांनी २०११ मध्ये असा घट करून दाखवला. त्याची कार्यक्षमता दोन टक्क्यांहून कमी होती, पण त्यातून निम्म्याहून अधिक दृश्य प्रकाश आरपार जात होता, आणि तो जवळजवळ रंगहीन होता. अडचण अशी की नेहमीच्या घटात मागची धातूची पाटी उरलेला प्रकाश परत घटाकडे फेकते, त्यामुळे त्याला शोषले जाण्याची दुसरी संधी मिळते. पारदर्शक घटात मागे धातूची जाड पाटी ठेवता येत नाही. दोन्ही बाजूंना इंडियम टिन ऑक्साइडसारखे पारदर्शक, तरीही वीज वाहून नेणारे थर लावावे लागतात. म्हणून संशोधकांनी फक्त अवरक्त किरण परत फिरवणारे आणि दृश्य प्रकाश सोडणारे, अनेक पातळ थरांचे आरसेही वापरून पाहिले. २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठातील स्टीफन फॉरेस्ट यांच्या गटाने ८.१ टक्के कार्यक्षमता आणि ४३.३ टक्के पारदर्शकता असलेला, करड्या छटेचा कार्बनी घट जाहीर केला. नऊ वर्षांत झालेली ही वाटचाल लहान नाही, परंतु ती प्रयोगशाळेतल्या छोट्या तुकड्यावरची आहे, हे विसरता कामा नये.

चौथ्या वाटेत काचेच्या दर्शनी भागावर सौर घट नसतोच. काचेत किंवा तिच्यावरच्या पातळ थरात रंगद्रव्याचे किंवा क्वांटम डॉटचे, म्हणजे अर्धवाहकाचे काही नॅनोमीटर आकाराचे कण मिसळलेले असतात. हे कण बाहेरून आलेला प्रकाश शोषतात आणि थोड्या अधिक तरंगलांबीचा प्रकाश सगळ्या दिशांना बाहेर टाकतात. काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५ असल्यामुळे पृष्ठभागाच्या लंबाशी ४२ अंशांपेक्षा मोठा कोन करून आतून आदळणारा प्रकाश बाहेर पडू शकत नाही. त्याचे पूर्ण अंतर्गत परावर्तन होते. सगळ्या दिशांचा हिशोब केला तर असा सुमारे ७५ टक्के प्रकाश काचेत अडकतो आणि दोन्ही पृष्ठभागांवर आपटत काचेच्या कडेपर्यंत जातो. तिथे चौकटीच्या आत सिलिकॉनच्या अरुंद पट्ट्या त्याची वाट पाहत असतात. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि सहा मिलिमीटर जाड काचेच्या चारही कडांचे क्षेत्रफळ दर्शनी क्षेत्रफळाच्या अडीच टक्क्यांहूनही कमी भरते, म्हणजे थोड्याशा सिलिकॉनवर मोठ्या काचेचा प्रकाश गोळा होतो.

ही युक्ती १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुचली, तेव्हा हेतू वेगळाच होता. सिलिकॉन महाग होते, म्हणून स्वस्त प्लास्टिकच्या पाटीने प्रकाश गोळा करून थोड्या सिलिकॉनवर भागवायचे, असा तो विचार होता. पुढे सिलिकॉन इतके स्वस्त झाले की ती गरजच उरली नाही. पाटी पारदर्शक असते, एवढ्या एका गुणावर ही कल्पना पुन्हा उभी राहिली. तिचा मोठा शत्रू म्हणजे पुनर्शोषण. एका कणाने बाहेर टाकलेला प्रकाश वाटेत दुसरा कण शोषतो आणि पुन्हा बाहेर टाकतो. दर वेळी त्यातला चौथा हिस्सा काचेतून निसटतो आणि काही भाग उष्णतेत जातो. काच जितकी मोठी, तितका कडेपर्यंतचा प्रवास लांब आणि तोटा अधिक. शोषलेल्या आणि बाहेर टाकलेल्या प्रकाशाच्या तरंगलांबींत मोठे अंतर ठेवणारे क्वांटम डॉट हा त्यावरचा सध्याचा उपाय आहे. तरीही तळहाताएवढ्या नमुन्यावर चांगला दिसणारा आकडा पूर्ण दाराएवढ्या काचेवर तसाच राहत नाही.

पेरोव्हस्काइट या विशिष्ट स्फटिकरचनेच्या गटातील पदार्थांचाही उल्लेख करायला हवा. २००९ मध्ये त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने त्यांचा घट केला, तेव्हा कार्यक्षमता ३.८ टक्के होती. आज प्रयोगशाळेत ती २५ टक्क्यांच्या पुढे गेली आहे. खिडकीच्या दृष्टीने त्यांचा एक वेगळा गुण उपयोगी पडतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने २०१७ साली असा थर दाखवला की तो थंड असताना स्वच्छ असतो, उन्हाने तापल्यावर गडद होतो आणि गडद अवस्थेत ११ टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमतेने वीज देतो. भर दुपारी काच आपोआप सावली धरते आणि तेव्हाच वीजही देते, ही जोडी मोठी आकर्षक आहे. मात्र काही वेळा रंगबदल झाल्यावर तो घट क्षीण होत गेला.

आकडे कसे वाचावेत

या क्षेत्रात दोन आकडे नेहमी एकत्र मागावेत. पहिला कार्यक्षमतेचा, म्हणजे पडलेल्या सूर्यप्रकाशापैकी किती टक्के ऊर्जेची वीज झाली. दुसरा सरासरी दृश्य पारदर्शकतेचा, म्हणजे दृश्य प्रकाशापैकी किती टक्के आत आला. हे मोजताना डोळा ज्या रंगांना अधिक संवेदनशील असतो त्यांना अधिक वजन दिले जाते, आणि डोळ्याची संवेदनशीलता ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाजवळ सर्वाधिक असते. दोन्हींचा गुणाकार केला की तुलना करण्याजोगी एकच संख्या मिळते. आठ टक्के कार्यक्षमता आणि ४३ टक्के पारदर्शकता यांचा गुणाकार साडेतीन टक्क्यांच्या आसपास येतो. एका नमुन्याची पारदर्शकता आणि दुसऱ्याच नमुन्याची कार्यक्षमता शेजारीशेजारी छापलेली दिसली, तर त्या माहितीपत्रकाला काहीच किंमत देऊ नये. नमुन्याचा आकारही विचारावा, कारण पारदर्शक वाहक थरांना धातूच्या तारेइतकी सहजतेने वीज वाहून नेता येत नाही आणि क्षेत्रफळ वाढले की हा अडसर जाणवू लागतो.

उभ्या भिंतीचे गणित

घट कितीही चांगला असला, तरी खिडकी उभी असते. सूर्य क्षितिजापासून ६० अंशांवर असेल आणि काच थेट त्याच्या दिशेला तोंड करून उभी असेल, तर तिच्यावर किरण तिरपे पडतात आणि प्रत्येक चौरस मीटरला थेट उन्हाची निम्मीच ऊर्जा मिळते. शिवाय तिरपा प्रकाश काचेवरून अधिक परावर्तित होतो: सरळ पडलेल्या प्रकाशापैकी एका पृष्ठभागावरून चार टक्के परत जातो, ६० अंशांनी तिरपा पडला तर सुमारे नऊ टक्के. सकाळी पूर्वेच्या आणि संध्याकाळी पश्चिमेच्या काचेला खाली उतरलेला सूर्य चांगला भेटतो, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. छतावरची पॅनेल ज्या वेळी मंदावलेली असतात, नेमक्या त्या वेळी या काचा काम करतात.

एक नमुन्याचा हिशोब मांडून पाहू. त्यातली गृहीतके माझी आहेत आणि ती ज्याने त्याने आपल्या ठिकाणाप्रमाणे बदलून घ्यावीत. उभ्या काचेच्या एका चौरस मीटरला वर्षभराच्या सरासरीने दिवसाला अडीच युनिट इतकी सूर्याची ऊर्जा मिळते, असे धरू. आठ टक्के कार्यक्षमता आणि तारा, इन्व्हर्टर वगैरेंतली तूट धरली, तर वर्षाला साठ-पासष्ट युनिट वीज हाती येते. आता तीस मजल्यांची, तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि शंभर मीटर उंच इमारत डोळ्यांपुढे आणा. तिचे छत ९०० चौरस मीटरचे, पण सूर्याकडे असलेली एक भिंतच ३,००० चौरस मीटरची. त्या भिंतीचा ६० टक्के भाग पारदर्शक काचेचा असेल, तर १,८०० चौरस मीटर काचेतून वर्षाला सुमारे सव्वा लाखाच्या आत, म्हणजे एक लाख चौदा हजारांच्या आसपास युनिट मिळतील. आकडा भरघोस वाटतो. पण त्याच इमारतीत २७,००० चौरस मीटर मजले आहेत, आणि प्रत्येक चौरस मीटरमागे वर्षाला १०० युनिट इतका काटकसरीचा वापर धरला, तरी एकूण गरज २७ लाख युनिटांची होते. काचेने त्यातली जेमतेम चार टक्के भागवली.

याच हिशोबाची दुसरी बाजू मला अधिक बोलकी वाटते. काचेच्या दिसणाऱ्या इमारतीची संपूर्ण बाजू खरे तर पारदर्शक नसते. दोन मजल्यांमधला स्लॅब, छताखालचे नळ आणि वाहिन्या झाकण्यासाठी मधले पट्टे अपारदर्शक काचेचेच असतात. आपल्या उदाहरणात असे १,२०० चौरस मीटर उरतात. तिथे २० टक्के कार्यक्षमतेचे साधे सिलिकॉन बसवले, तर वर्षाला एक लाख नव्वद हजार युनिट मिळतात, म्हणजे पारदर्शक भागापेक्षा कितीतरी जास्त, आणि तेही कोणाचाही उजेड न घेता. कोपनहेगनमधील आंतरराष्ट्रीय शाळेच्या इमारतीवर हिरवट-निळ्या छटांची सुमारे १२,००० रंगीत सौर पॅनेल अशीच भिंतीवर बसवलेली आहेत. त्यामुळे इमारतीची बाजू वीज देणारी करायची असेल, तर पारदर्शक घटांची पाळी छत आणि अपारदर्शक पट्टे भरून झाल्यावर येते, असे माझे स्पष्ट मत आहे.

उष्णतेची बाजू

विजेच्या आकड्यांत गुंतल्यावर खिडकीचे दुसरे काम नजरेआड होते. ज्या अवरक्त किरणांची वीज करायची आहे, तेच खोली तापवतात. वरच्याच उदाहरणातला दुपारचा क्षण घेऊ: काचेवर दर चौरस मीटरला ५०० वॉट पडत आहेत. आठ टक्क्यांनी वीज झाली ४० वॉट. साधी एकेरी काच त्या ५०० पैकी साधारण ४२० वॉट उष्णता आत सोडते. दुहेरी तावदानाच्या आत चांदीचे अतिशय पातळ थर दिलेली, अवरक्त किरण परतवणारी चांगली काच मात्र उजेड बऱ्यापैकी आत घेऊनही १५० वॉटच्या आसपासच उष्णता सोडते. वाचलेली २७० वॉट उष्णता बाहेर काढायला वातानुकूलन यंत्राला, ते एका वॉट विजेत तीन वॉट उष्णता बाहेर काढते असे धरले तर, ९० वॉट वीज लागली असती. म्हणजे वीज अजिबात न बनवणाऱ्या या काचेने वीज बनवणाऱ्या काचेच्या दुपटीहून अधिक वीज वाचवली.

यावरून सौर काच निरुपयोगी ठरत नाही, पण तिची तुलना कशाशी करायची ते ठरते. साध्या काचेशी केलेली तुलना फसवी असते. शोषून घेतलेल्या आणि विजेत न बदललेल्या ऊर्जेमुळे सौर घटाचा थर स्वतः तापतो, आणि ती उष्णता आत जाते की बाहेर, हे तो थर तावदानात कुठे बसवला आहे यावर ठरते. म्हणून सर्वसाधारणपणे सौर थर बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला लावतात, मधली वायूची पोकळी उष्णता अडवते, आणि तिच्या पलीकडच्या काचेवर उष्णता परतवणारा थर देता येतो. अशी रचना नीट जमली, तर काच उष्णता अडवण्याचे काम जवळपास तेवढेच करते आणि वर वीज देते. जिथे हिवाळ्यात उन्हाची ऊब घरात हवीहवीशी असते, तिथे मात्र हीच गोष्ट तोट्याची होऊ शकते. बाहेरची काच तापते आणि चौकटीच्या सावलीतली तिची कड थंड राहते, तेव्हा पडणाऱ्या ताणाने ती तडकू नये, म्हणून ती उष्णतेची प्रक्रिया करून मजबूत केलेली असावी लागते.

टिकाऊपणा, सावली आणि तारा

खिडकी एकदा बसवली की पंचवीस-तीस वर्षे तिला कोणी हात लावत नाही. घटाला तेवढे आयुष्य हवे. कार्बनी रेणूंना अतिनील किरण, प्राणवायू आणि ओलावा या तिघांचे वावडे आहे. दुहेरी तावदानाची वायू भरून हवाबंद केलेली पोकळी त्यांच्या पथ्यावर पडते, आणि अतिनील किरण अडवणारा झिंक ऑक्साइडचा थर आणखी मदत करतो. मिशिगनच्याच गटाने २०२१ मध्ये असे संरक्षण दिलेले घट तीव्र प्रकाशात आणि उष्णतेत तपासून तीस वर्षांच्या आयुष्याचा अंदाज मांडला. अर्थात तीस वर्षे प्रत्यक्ष उन्हात घालवणे ही वेगळी परीक्षा आहे. बहुतेक पेरोव्हस्काइट घटांत शिसे असते, म्हणून काच फुटल्यावर आणि इमारत पाडल्यावर तिचे काय करायचे, याची व्यवस्था आधीच ठरवावी लागते.

तारांबद्दल फारसे कोणी लिहीत नाही, पण इमारत बांधणाऱ्याची खरी डोकेदुखी तीच असते. प्रत्येक तावदानातून दोन तारा बाहेर काढाव्या लागतात आणि त्या हवाबंद कडेतून काढताना ओलावा आत शिरता कामा नये. उघडझाप होणाऱ्या खिडकीत त्या बिजागरीजवळून न्याव्या लागतात आणि हजारो वेळा वाकूनही तुटता कामा नयेत. त्यातच सावलीचा प्रश्न येतो. एकामागोमाग एक जोडलेल्या घटांमधून तेवढाच प्रवाह वाहतो जेवढा सगळ्यात कमी उजेडातला घट देऊ शकतो. शेजारच्या इमारतीची किंवा झाडाची सावली खिडकीच्या एका कोपऱ्यावर पडली, तरी संपूर्ण साखळी मंदावते. सावलीतल्या घटाला बगल देऊन प्रवाह पुढे नेणारे डायोड आणि थोड्याथोड्या खिडक्यांसाठी वेगळे छोटे इन्व्हर्टर हे त्यावरचे उपाय आहेत; पण त्यांचाही खर्च काचेच्या खर्चात मिळवायला हवा.

ही सगळी कटकट टाळणारा एक उपयोग मात्र आजच पटण्याजोगा आहे, आणि तो वीजजाळ्याशी जोडलेलाच नाही. विजेच्या संकेतावर गडद होणाऱ्या काचांना, आपोआप वरखाली होणाऱ्या पडद्यांना, तापमान व उजेड मोजणाऱ्या संवेदकांना फार थोडी वीज लागते, पण प्रत्येकापर्यंत तार नेण्याचा खर्च त्या विजेच्या मानाने कितीतरी मोठा असतो. प्रिन्स्टन विद्यापीठातील युए-लिन लू यांच्या गटाने २०१७ मध्ये फक्त अतिनील भागाजवळचा प्रकाश वापरणारा पारदर्शक घट दाखवला, तो याच हेतूने. दृश्य प्रकाश उजेडासाठी राहिला, अवरक्त किरण काच गडद करून अडवले गेले, आणि त्या बदलाला लागणारी वीज उरलेल्या पाच टक्क्यांतूनच मिळाली.

हरितगृह हाही असाच पटणारा उपयोग आहे, कारण तिथे खिडकीतून पाहणारा डोळा माणसाचा नसतो. वनस्पती प्रकाशसंश्लेषणासाठी मुख्यतः ४०० ते ७०० नॅनोमीटरचा प्रकाश वापरतात. त्यापलीकडचे अवरक्त किरण बंद काचघर प्रमाणाबाहेर तापवतात. ते अडवले तर पंखे आणि पाणी दोन्हींवरचा भार हलका होतो, आणि त्यांची वीज केली तर पंप त्याच्यावरच चालू शकतात. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील मर्डॉक विद्यापीठात २०२१ पासून अशा सौर काचेचे हरितगृह उभे आहे. तिथे छत आणि भिंत वेगळी नसते, तिरप्या काचेवर ऊन थेट पडते, आणि काचेला किंचित छटा आली तरी झाडांची तक्रार नसते.